रात्रीची वीज, दोन फ्यूजबॉक्स आणि बूस्टचं बटण

प्रश्न: दादा, आम्ही पुण्याहून लीड्सला आलो, भाड्याचा फ्लॅट, गॅस अजिबात नाही, शेगडी-गिझर-हीटर सगळं विजेवर. कपाटात मीटरशेजारी दोन फ्यूजबॉक्स आहेत. भिंतीवरच्या हीटरचं बटण दिवसा दाबलं तर काहीच होत नाही, गिझरला दोन बटणं, बिलात दोन दर, दिवसाचा 30 पेन्स आणि रात्रीचा 14. तरी थंडीचं पहिलं बिल बघून घाम फुटला. आई फोनवर सांगते, कपड्यांचं मशीन दिवसा लाव, स्वस्त पडतं. नक्की काय चाललंय? – एक वाचक

उत्तर: ताई, हीटर बिघडलेला नाहीये, त्याला दिवसा वीज जातच नाही. तुमच्याकडे इकॉनॉमी सेव्हन दिसतंय, म्हणजे रात्रीचे सात तास स्वस्त दर. 1978 पासून आहे ही योजना, पॉवर स्टेशनं रात्रीही चालू आणि वापरणारे झोपलेले, म्हणून ती वीज खपवायची सोय. दोन बॉक्सपैकी एकावर दिवे, प्लग, शेगडी, तो चोवीस तास चालू. दुसऱ्यावर फक्त स्टोरेज हीटर आणि गिझरची खालची कॉइल, आणि रात्रीची वेळ झाली की त्याला मीटरमधला नाहीतर टाइमरचा स्विच चालू करतो, कपाटाशी उभं राहिलात तर बऱ्याच वेळा खट्ट असा आवाजही येतो. हीटरच्या पोटात जड विटा असतात, त्या रात्रभर तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. इनपुटचा नॉब म्हणजे आज रात्री किती भरून ठेवायचं, आउटपुट म्हणजे किती सोडायचं. झोपताना आउटपुट बंद करा, नाहीतर संध्याकाळी विटा गार आणि तुम्ही स्वेटरवर स्वेटर. आणि हीटरवर ओले कपडे वाळत टाकू नका, आग लागू शकते.

आता बिल. माझा पहिला संशय बूस्टवर. गिझरची खालची कॉइल रात्री अख्खी टाकी तापवते, वरची बूस्टची कॉइल कधीही चालते पण दिवसा लावली तर दिवसाच्या दराने. कॉइल बहुतेक 3 किलोवॅटची असते, तासभर बूस्ट म्हणजे 3 युनिट, 90 पेन्स, तेच रात्री 42. रोज एक तास धरा, महिन्याला चौदा पौंड जास्तीचे गेले. आम्ही पहिली थंडी हेच केलं, रात्रीचं बटण कोणीतरी बंद करून गेलेलं आणि आम्ही इमानेइतबारे रोज सकाळी बूस्ट दाबतोय, चार महिन्यांनी कळलं.

दुसरा संशय मीटरवर. दोन आकडे असतात, दिवसाचा न् रात्रीचा, आणि कंपनीकडे ते उलटे नोंदलेले निघतात, असं होतं बरं का. दुपारी दोन्ही आकड्यांचा फोटो काढा, वीस मिनिटं बूस्ट लावा, म्हणजे साधारण एक युनिट, परत फोटो काढा. जो आकडा हलला तो दिवसाचा. बिलात तोच रात्रीच्या नावाखाली असेल तर फोटो पाठवून लेखी तक्रार करा. समजा उलटं निघालं आणि कंपनीनेच तुम्हाला कमी बिल लावलेलं असलं, तरी 2018 च्या नियमाने साधारणपणे बारा महिन्यांच्या मागचं मागता येत नाही, तेव्हा घाबरून गप्प बसू नका.

मीटरजवळ रेडिओ टेलिस्विच लिहिलेला वेगळा डबा आहे का तेही बघा. बीबीसी रेडिओ फोरच्या 198 किलोहर्ट्झ लाँगवेव्हमध्ये लपवलेला सिग्नल पकडून तो रात्रीची वीज चालू-बंद करायचा, 30 जून 2025 पासून टप्प्याटप्प्याने ती व्यवस्था बंद करायला घेतली. डबा असेल तर स्मार्ट मीटर मागा, पण बसवणाऱ्याला आधीच सांगा की पाच टर्मिनलचा, म्हणजे वायर जोडायच्या पाच जागा असलेला हवा. पाचव्या टर्मिनलमधून फक्त रात्रीची वायर निघते. साधा चार टर्मिनलचा बसवून दुसरा बॉक्स कायमचा चालू जोडून दिला, तर हीटर भर दुपारी 30 पेन्सने विटा तापवत बसतील आणि तुम्हाला बिल येईपर्यंत पत्ता नाही. सीलला स्वतः हात लावू नका, घरमालकालाही कळवून ठेवा.

आईंचंही चूक नाही हो. महावितरणच्या टीओडी, म्हणजे वेळेप्रमाणे दर लावणाऱ्या मीटरवर घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 सवलत मिळते, तिकडे दिवसा सोलरची वीज भरपूर. तुमच्याकडे बरोब्बर उलटं. मशीन पहिल्या, चोवीस तासवाल्या बॉक्सवर असलं तरी त्या सात तासांत अख्ख्या घराचं युनिट स्वस्त मोजलं जातं, तेव्हा टायमर लावा. वेळ भागाप्रमाणे बदलते, कंपनीला विचारून घ्या, आणि जुनं मीटर असेल तर ते उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, म्हणजे थंडीत साडेबारा ते साडेसात असेल तर उन्हाळ्यात दीड ते साडेआठ. मी मशीन सकाळी उठल्या उठल्या लावतो, रात्री दोन वाजता स्पिन सुरू झालं तर खालच्या मजल्यावरच्या आजी काठीने छत ठोकतात.