नव्या अंगणवाडी सेविकाताईंसाठी: एका खोलीतले खेळकोपरे

ताई, पहिल्याच आठवड्यात भिंती तक्त्यांनी भरू नका. लावायचेच तर दोन-तीन, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. त्याहून वर मुलं बघतही नाहीत.

खोली एकच असली तरी चटया टाकून ठोकळे, भातुकली आणि चित्रांच्या पुस्तकांचे कोपरे होतात. ठोकळे दारापासून लांब ठेवा. वाटेत असले की मनोरा पायदळी जातो आणि भांडण ठरलेलं. भातुकलीत खऱ्या वाट्या, पळी, जुनी टोपली चालते. मणी, चिंचोके, हरभरे मात्र तीन वर्षांच्या पोरांसमोर मोकळे नकोत, नाकात-घशात जातात.

जत-कवठेमहांकाळकडं रब्बी ज्वारी निघाली की चिपाडं फुकट मिळतात. साल तुम्ही काढा, तिची धार बोट कापते. आतल्या भेंडाची बैलगाडी मुलं करतील. वाळू चाळून, किंचित ओली करून द्या आणि संध्याकाळी झाका, नाहीतर मांजरं घाण करतात.

मुक्त खेळाला सलग पाऊण तास द्या. पंधरा मिनिटं नुसता डाव मांडण्यातच जातात. मधेच "हा रंग कोणता?" नको, बघा, नोंदवा. पालक "लिहायला कधी शिकवणार?" विचारतीलच. त्यांना मुलांनी मळलेली माती दाखवा: बोटांत ताकद आली की पेन्सिल धरता येते.