पॉपरची पाठ आपल्यासाठी, पोट माशासाठी

ऐरोलीहून आलेला प्रश्न असा आहे: एकाच कंपनीचे, एकाच मापाचे दोन पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगत झटक्यासरशी आवाज करणारी नकली आमिषं (लुअर). एक साधा पांढरा. दुसऱ्यावर होलोग्रामचे खवले, उठावदार डोळे, रंगवलेले कल्ले, आणि किंमत जवळजवळ तिप्पट. वाशीच्या बाजूला खाडीत जिताडा मासा आणि सुट्टीच्या दिवशी बदलापूरकडे गोड्या पाण्यातली मरळ धरायला वापरायचे आहेत. जास्तीचे पैसे वसूल होतील का?

खवल्यांचे नाही होणार. रंगाचं उत्तर मात्र इतकं सरळ नाही. दुकानात आपण लुअर हातात घेतो तेव्हा पाठ आणि कूस बघतो. मासा यातलं काय बघतो, ते आधी समजून घ्या.

पाण्याखालून वर बघणाऱ्या माशाला आकाश सगळीकडे दिसत नाही. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून बाहेरचं सगळं जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीत दाटीवाटीने दिसतं. या खिडकीचा कोन साधारण ९७ अंशांचा. मासा एक मीटर खोल असेल तर ती सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद, अर्धा मीटर खोल असेल तर निम्मी. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आतल्या बाजूने आरसा असतो. त्यात आकाश नाही, तळाचं प्रतिबिंब दिसतं. आपल्या खाडीत म्हणजे चिखल.

आता पॉपर पाण्यावर कसा बसतो ते आठवा. तोंड वर, शेपूट बुडालेली. तो खिडकीच्या बाहेर असेपर्यंत त्याचा पाण्यावरचा भाग माशाच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नाही. दिसतं ते फक्त बुडालेलं पोट, शेपटीचा गळ आणि आरशात पडलेलं त्यांचंच प्रतिबिंब. खिडकीत आल्यावर वरचा भाग दिसतो खरा, पण हलत्या पाण्यातून आणि मागे उजळ आकाश असताना. ज्या पाठीवर रंगाऱ्याने सगळी मेहनत घेतली, ती माशाच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही. पाठीचा रंग आपल्याला लांबून लुअर दिसावा एवढ्यासाठी निवडावा. माझ्या बहुतेक पॉपरच्या पाठीला भडक नारिंगी पट्टा आहे. बघणारे हसतात, पण संधिप्रकाशात मला माझा लुअर कुठे आहे ते कळतं.

पोटाची गोष्ट वेगळी आणि जरा गमतीची. जिताडा ज्याला खातो आणि लुअरवाले ज्याची नक्कल करतात, त्या बोईट माशाची पाठ गडद आणि पोट चंदेरी-पांढरं का असतं? खालून बघणाऱ्याला ते उजळ आकाशात मिसळून जावं म्हणून. म्हणजे कारागिराने बोईटाची हुबेहूब नक्कल केली, तर त्याने बोईटाची लपण्याची युक्तीही नकलून ठेवली! आपल्याला तर लुअर दिसायला हवा आहे. बरोबर खालून, उजळ आकाशासमोर, गडद पोट जास्त उठून दिसतं. पण मासा बाजूने, आरशाच्या भागातून बघत असेल तर मागे काळपट चिखलाचं प्रतिबिंब असतं आणि तिथे पांढरं पोट उठून दिसतं. म्हणून मला एकरंगी पोटापेक्षा अर्धं गडद, अर्धं फिकं पोट आवडतं. लाल डोकं आणि पांढरं अंग ही रंगसंगती शंभर वर्षांहून जुनी आहे आणि अजून खपते. त्या रंगाचा मासा मी तरी आपल्या कुठल्याच बाजारात पाहिलेला नाही.

वेळेचाही विचार करा. पृष्ठभागावर मासा उठतो तो मुख्यतः पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री पुलाच्या दिव्यांच्या कडेला. त्या उजेडात माशाच्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागे पडतात आणि अंधुक उजेडात चालणाऱ्या पेशी काम करतात. उरतो फिका-गडद एवढाच फरक. लोक उत्साहाने सांगतात की पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो. स्वच्छ पाण्यात, काही मीटर खोलीवर, हे खरं. पण आपला लुअर पृष्ठभागावर आहे आणि खाडीचं पाणी गढूळ, पिवळट-तपकिरी आहे. अशा पाण्यात आधी निळाच जातो. अंदमानच्या किंवा जपानच्या निळ्याशार पाण्यातले व्हिडिओ बघून ठाणे खाडीसाठी रंग ठरवण्यात म्हणूनच काही राम नाही.

माशांना रंग कळत नाहीत असं मात्र मी म्हणत नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लार्जमाउथ बास या अमेरिकी माशाला रंग ओळखायला शिकवलं होतं. लाल आणि हिरवा त्याने चांगला ओळखला. पण झगझगीत पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्याची गल्लत होत होती, तशीच गडद निळा आणि काळा यांत. बास म्हणजे जिताडा नव्हे, तेव्हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नका. तरी आपल्यापैकी किती जणांच्या डब्यात ‘एक पांढरा आणि एक पोपटी, दोन्ही हवेतच’ म्हणून घेतलेले लुअर आहेत, ते एकदा मोजा.

‘पण मला तर नेहमी त्याच रंगावर लागतो’ असं म्हणणारे भेटतात. साहजिक आहे. आवडता रंग आधी बांधला जातो, चांगल्या भरतीला बांधला जातो आणि दिवसभर काढला जात नाही. बाकीच्यांना संधी मिळते ती मासा थंडावल्यावर. खरं बघायचं असेल तर दोघांनी एकाच जागी, एकाच मॉडेलचे दोन रंग घेऊन उभं राहावं आणि दर दहा कास्टनंतर रॉड बदलावेत. हे करायला कुणी तयार होत नाही, हा भाग वेगळा.

मग बारकाव्याला काहीच किंमत नाही का? एका ठिकाणी आहे. पाणी नितळ, वारा पडलेला, तुम्ही पॉपर थांबवलेला, मासा मागे येऊन खाली स्थिर उभा आणि घेऊ की नको या विचारात. तेव्हा त्याला बघायला वेळ असतो. पण तेव्हाही त्याच्या नजरेसमोर असतो तो लुअरचा बुडालेला मागचा भाग. तिथे शेपटीच्या ट्रेबलला (तीन टोकांच्या गळाला) बांधलेलं पांढरं पीस, जे लुअर थांबल्यावरही हळूच हलत राहतं, ते मला दहा होलोग्रामांपेक्षा मोलाचं वाटतं. अशी नितळ परिस्थिती पावसाळ्यानंतर धरणाच्या पाण्यात मिळते. वाशीला क्वचितच.

खाडीत रंगाच्या कितीतरी आधी जागा आणि पाणी येतं. नवी मुंबईत धारण तलावांची (भरती-पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्यांची) आणि खाजणातल्या उघाड्यांची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारांची, तोंडं आहेत. ओहोटी लागली की तिथून पाणी बाहेर पडतं, बोईटाची पिल्लं आणि कोळंबी ओढली जातात आणि जिताडा त्या धारेच्या कडेला तोंड करून थांबतो. त्याची घेण्याची पद्धत म्हणजे तोंड उघडून पाण्यासकट आत ओढणं. तो ‘बुप्प’ आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. इतक्या गढूळ पाण्यात त्याला लुअर आधी ऐकू येतो, मग जवळ आल्यावर अंगावरच्या पार्श्वरेषेला (पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या कुशीवरच्या रेषेला) त्याची थरथर जाणवते, आणि दिसतो शेवटी. म्हणून पॉपरच्या तोंडाचा खोलगटपणा, आतल्या गोळ्यांचा आवाज आणि दोन झटक्यांमधली विश्रांती यांवर डोकं चालवा. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या) जोरदार पाण्यात मोठा आवाज, भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) संथ पाण्यात बारीक. जागा निवडताना एक लक्षात ठेवा: ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे गळ टाकायला जाऊ नका.

बदलापूरकडे मरळीसाठी पॉपर नेऊच नका. जलपर्णीत आणि कमळाच्या पानांत ट्रेबल अडकत बसतील. तिथे पोकळ रबरी बेडूक हवा, गळाची टोकं अंगाला चिकटलेली. पानांच्या थरावरून तो सरकतो तेव्हा खालच्या मरळीला पानांची हालचाल आणि सावली कळते, पाठीवरचे ठिपके नाहीत. एक काळा, एक पांढऱ्या पोटाचा, बस्स. पावसाळ्यात पृष्ठभागावर लालसर पिल्लांचा घोळका वळवळताना दिसला तर त्यावर मात्र टाकू नका. राखणीला असलेली मरळ कुठल्याही रंगावर तुटून पडते, आणि ती गेली की पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात जातात.

तर साधा पांढराच घ्या. काळ्या परमनंट मार्करने पोटाचा पुढचा अर्धा भाग रंगवा. नाही पटलं तर स्पिरिटने पुसता येतो. वाचलेल्या पैशांतून गळ आणि ते लुअरला जोडणाऱ्या कड्या (स्प्लिट रिंग) बदला, कारण स्वस्त पॉपरबरोबर येणारे गळ खाऱ्या पाण्यात लवकर गंजतात आणि मोठा जिताडा ते सरळ करून जातो. इथे एक काळजी घ्या. जाड गळ वजनदार असतात, शेपूट जास्त बुडते आणि पॉपर पाणी उडवायच्या ऐवजी नुसता डुबकी मारतो. गळ बदलले की बादलीत टाकून कसा बसतो ते बघा, फार बुडाला तर ट्रेबलच्या जागी सिंगल गळ लावा. मात्र नळाच्या पाण्यात थोडासाच जास्त बुडालेला दिसला तर लगेच काही बदलू नका. खाडीच्या खाऱ्या पाण्यात तोच पॉपर जरा वर तरंगतो. ऐन पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर होतं, तेव्हा तो पुन्हा बादलीतल्यासारखा बसेल.