परतीचं तिकीट

प्रिय पोरी,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा इकडे झडीचा तिसरा दिवस होता. लाइन गेलेली, मोबाइल आठ टक्क्यांवर, आणि तू एकच गोष्ट तीन तऱ्हेनं विचारत होतीस. आधी, ‘सिस्टरमावशी, जाऊ की नको?’ मग, ‘गेले तर काही होईल का?’ आणि शेवटी एकदम हळू, बहुतेक कोणी खोलीत आलं असावं, ‘नाही म्हटलं तर घरच्यांना काय वाटेल?’ खरा प्रश्न तो तिसरा. पहिल्या दोनांचं उत्तर तुझ्या डॉक्टरबाई देतील, त्यांना विचार. तिसऱ्यासाठी हे पत्र. फोनवर मी नुसती रागावले असते. इथेही रागावणारच आहे, पण निदान तुला मध्येच ‘हो मावशी, हो मावशी’ करून सुटता येणार नाही.

बेत मला कळला तो असा. पंधरा ऑगस्टला जोडून चार दिवस. दोन गाड्या, अकरा माणसं. कारंज्याहून समृद्धी महामार्ग धरायचा, खोपोलीच्या इमॅजिकात, त्या झुल्यांच्या बागेत, दोन दिवस खेळायचं आणि रात्री हॉटेलात पैसे न घालता भासऱ्यांच्या, म्हणजे तुझ्या थोरल्या दिरांच्या, दोस्ताच्या शेतात तंबू ठोकायचे. तंबू घरी आलेसुद्धा आणि तुमच्या पुतण्यांनी एक अंगणात उभा करून पाहिला. तुझा तेव्हा पाचवा महिना सरत आलेला असेल. आणि तुला जायचंय. तसं तू म्हणाली नाहीस, पण त्या उलट्या फिरणाऱ्या झुल्याचं सांगताना तुझा आवाज दहावीच्या सहलीला निघालेल्या पोरीसारखा झाला होता. मला ऐकू येतं अजून.

मग जा ना. मी काय तुला कोंडून ठेवायला सांगणार आहे? चौथा ते सातवा हाच प्रवासाला त्यातल्या त्यात बरा काळ. ओकाऱ्या थांबलेल्या असतात, पोटाचं ओझं अजून झालेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी या पत्रात तुला कंटाळा येईपर्यंत म्हणणार आहे: जायचं कसं ते घर ठरवतं, परतायचं कसं ते तू ठरव. परतीचं तुझ्या हातात नसेल तर शेगावलाही जाऊ नकोस. हातात असेल तर खुशाल खोपोली गाठ.

तुला वाटेल, यात काय एवढं. आता त्या बेताकडे जरा नीट बघ. दोन गाड्या, दोन्ही चालवणार भासरे आणि त्यांचा मेहुणा. तुझ्या नवऱ्याला गाडी येते, पण किल्ली त्याच्याकडे नसणार. मुक्काम रस्त्यापासून आत, शेतात. त्या दिवसांत तिकडचा पाऊस तुला ठाऊक नाही. आपल्याकडे वर्षाकाठी आठ-नऊशे मिलिमीटर पडला तरी आपण बरा पडला म्हणतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. असं रोज होत नाही, मान्य. पण खोपोली घाटाच्या पायथ्याला आहे आणि शेजारच्या माथेरानला वर्षाला पाच हजारांच्या घरात पाऊस होतो. तिथे भाताच्या बांधाला लागून तंबू म्हणजे काय, ते अंगणात उभं करून कळत नाही. रात्री दोनला तुझ्या पोटात कळ आली तर पहिल्यांदा कोणाला उठवशील? भासऱ्यांना? दिवसा त्यांच्याशी मान वर करून बोलत नाहीस तू.

रस्त्याचं तुला सांगायची गरज नाही, तू शिकलेली आहेस. तरी सांगते, कारण शिकलेल्याच जास्त दाबून धरतात. लघवी दाबायची नाही. समृद्धीवर गाडी लागली की पोट्ट्यांना थांबायचं नाव नको असतं, १२० चा आकडा बघत बसतात. दर दीड-दोन तासांनी उतरायचं, चार पावलं चालायचं. पाय लोंबते ठेवून पाचशे किलोमीटर बसलं की पायात रक्ताची गाठ होऊ शकते, मग ती पुढे सरकू शकते. पट्टा लावायचा. खालचा पट्टा पोटाखालून मांडीलगत, वरचा दोन छात्यांच्या मधून. पोटावरून गेलेला पट्टा एकवेळ नसलेला बरा, असं म्हणणाऱ्या बायका भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. नीट लावलेला पट्टाच हवा.

आणि झुले. त्यातल्या बहुतेकांवर तुला बसूच देणार नाहीत, दारावर पाटी असते, ती बरोबर आहे. हिसक्यानं बाळाची वार सुटू शकते. म्हणजे तू खाली. जाऊबाई आत्ताच म्हणाल्या म्हणे, ‘तू बस आरामात, आमच्या बॅगा सांभाळ.’ आराम! दहा जणांचे चपला-मोबाइल-ओले टॉवेल मांडीवर घेऊन, अंगावर झिम्मड, बाकडं ओलं, संडास लांब आणि बॅगा सोडून जाता येत नाही. अशी बाई मी डोळ्यांसमोर आणते आणि माझा जीव जळतो. बॅगा लॉकरमध्ये ठेवायला सांग. शे-दोनशे रुपये जातील. अकरा माणसांच्या तिकिटात ते दिसणारसुद्धा नाहीत.

तंबूचं मात्र मी हट्टानं सांगते. गवतावर झोपायचं नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आपल्या विदर्भात स्क्रब टायफस आला, तेव्हा मी नोकरीत होते. निवृत्तीला दोन वर्षं होती. ताप, अंगदुखी, डोकं फुटतंय, मलेरिया निगेटिव्ह, डेंगू निगेटिव्ह. शेतात निंदणाऱ्या एका बाईला मी कोपऱ्यात नेऊन लुगडं सोडायला लावलं. काखेच्या खाली, जिथे तिचीही नजर जात नव्हती, तिथे काळी खपली होती, विडीचा चटका बसावा तशी. गवतात, झुडपात राहणारा डोळ्याला न दिसणारा किडा असतो, त्याचं पिल्लू चावतं आणि आठ-दहा दिवसांनी ताप येतो. तोवर तुझी सहल विसरून झालेली असते. त्यावर जी गोळी सर्रास देतात ती पोटुशीला द्यायला डॉक्टर कचरतात, दुसरी द्यावी लागते. म्हणून खाट. तिथे खाट मिळत नसेल तर पक्क्या खोलीत झोपायचं, बाकीचे दहा जण तंबूत गाणी म्हणोत. आणि पाणी उकळलेलं, घरून नेलेल्या थर्मासातलं. पावसाळ्यातली कावीळ पोटुशीला कशी नेते ते मी पाहिलंय, त्यावर जास्त लिहवत नाही.

आता माझं ऐक. हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

१९८७ साली मी चोवीस वर्षांची होते, आरोग्य उपकेंद्रात नोकरीला लागून दीड वर्ष झालेलं. पाचवा महिना. नागपंचमीच्या आधी सासरची मंडळी पचमढीच्या डोंगरात नागद्वारच्या यात्रेला निघाली, नवस होता. गावातून एक मेटॅडोर केलेली, वर ताडपत्री. मी नर्स. दुसऱ्या बायकांना ‘बाई, या दिवसांत चढू नको’ म्हणून सांगणारी मी. आणि मी एक शब्द बोलले नाही, कारण सासूबाई म्हणाल्या, ‘महादेवाच्या नावानं चालाचं, काही होत नाई.’ सगळे ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ म्हणत चढत होते, मीही म्हणत होते. खरं सांगू? मजा येत होती. ढग पायाखालून जात होते. असलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. म्हणून तुझा आवाज ऐकून मला कळलं.

दुसऱ्या रात्री ताडपत्रीखाली झोपलो होतो. माझ्या डोक्यावर ताडपत्रीला पाण्याचा फुगा धरायचा, लहान पोराच्या डोक्याएवढा, आणि मी काठीनं तो वर ढकलायचा, की पाणी भस्सकन बाहेर. असं करता करता मला जाणवलं की खाली ओलं आहे आणि ते पावसाचं नाही. सासूबाईंना उठवलं. त्यांनी बॅटरीच्या उजेडात पाहिलं आणि म्हणाल्या, ‘आता काय करतं वो बाई? गाडी त परवा निंगते.’ रागानं नाही म्हणाल्या, घाबरून म्हणाल्या. गाडी खरंच परवा निघणार होती. ड्रायव्हर स्वतःच वर देवाला गेला होता. दोन रात्री आणि एक दिवस मी त्या फुग्याखाली पडून राहिले. फुगा भरायचा, मी ढकलायचे.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं. डॉक्टर म्हणाले, पिशवीचं तोंडच सैल होतं, घरी निजून असतीस तरी कदाचित हेच झालं असतं. असेल. मी नर्स आहे, मला ते पटतं. चढल्याचं मला दुःख नाही. त्या दोन रात्रींचं आहे. काहीच करता येत नव्हतं आणि ते तसं व्हायला मीच हो म्हटलं होतं. परतायचं कसं, हे मी निघताना विचारलंच नाही. एवढं विचारलं असतं तर कोणी मारलं असतं का मला?

म्हणून म्हणते, परतायचं कसं ते तू ठरव.

आता तू म्हणशील, मावशी, मग तुमच्या सुनेला का अडवलं होतं? तुझ्या आईनं तुला सांगितलंच असेल, गावात सगळ्यांना माहीत आहे. हो, अडवलं. २०१४ ची गोष्ट. तिला चौथा, दोघांनी चिखलदऱ्याचा बेत केलेला, सकाळी निघायचं. रात्री मी गाडीची किल्ली तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसली. सकाळी पोरगं घर उपसतंय, सून उशा उलट्या करतेय आणि मी चुलीपुढे बसून चहा गाळतेय. दुपारी वरणाला डाळ काढायला तीच गेली. किल्ली हातात आली तिच्या. तिनं ती धुतली, पुसली, माझ्यासमोर ताटाशेजारी ठेवली आणि जेवायला वाढलं. एक शब्द नाही. आज पोरगं दहा-अकरा वर्षांचं झालं त्यांचं, सून माझं सगळं करते, पण कुठे जायचं असलं की मला दारात चप्पल घातल्यावर सांगते.

मी चूक केली असं मला अजून म्हणवत नाही. घाटात धुकं होतं, परतवाड्यापासून वर रस्ता खराब होता, मी पेपरात वाचलं होतं. जे माझ्यासोबत झालं ते तिच्यासोबत होऊ नये, एवढंच होतं मनात. पण हेही खरं की किल्ली तिच्या हातात द्यायला हवी होती ती मी डाळीत लपवली. म्हणजे मी माझ्या सासूसारखंच केलं, फक्त उलट्या बाजूनं. हे मला तुला लिहिताना सुचतंय, तर ते इथेच राहू दे.

तुझ्याकडे वळते. तुला काय करायचंय ते लिहून घे, कारण तू विसरतेस.

विदर्भ एक्सप्रेसची परतीची दोन तिकिटं आत्ताच काढायची, तुझं आणि नवऱ्याचं. कल्याणला बसायचं, रात्रभरात बडनेरा, तिथून एसटी. खोपोलीहून कर्जतमार्गे कल्याणपर्यंत लोकल आहे. गरोदर बाईला रेल्वेत खालच्या बर्थचा कोटा असतो, तिकीट काढणाऱ्याला आधीच सांग, डॉक्टरचा दाखला सोबत ठेव. सहल छान झाली, तब्येत ठणठणीत राहिली, तर रद्द कर. पैसे कापतील, कापू दे. नवऱ्याला म्हणावं, मावशीनं सांगितलं. त्याला राग आला तर माझ्यावर येऊ दे, मला सवय आहे. आणि माता-बाल कार्ड पर्समध्ये, बॅगेत नाही. बॅग दुसऱ्या गाडीत जाते, नेहमी जाते. मागच्या कार्डावर तुझं हिमोग्लोबिन ९.४ होतं. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नकोस म्हणून मी तीनदा सांगितलं, तरी चहासोबतच घेतेस ना? निघायच्या आधी पुन्हा तपास. ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असतेच, तीही गाठ. डॉक्टरबाई नको म्हणाल्या तर विषय संपला, मग मी पण नको म्हणते.

रक्त दिसलं, पाणी गेलं, डोकं दुखून डोळ्यांपुढे काजवे आले, ताप आला, बाळ हलायचं कमी झालं, की थांबून ‘बघू सकाळी’ करायचं नाही. १०८ लावायचा. तिकडेही तोच नंबर आहे.

घरात बोलायचं कसं, ते विचारत होतीस. ‘मी जाऊ का?’ असं विचारलंस की त्यांना हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि दोन्हीत तू अडकतेस. तसं विचारूच नकोस. जेवणं झाली, सगळे बसलेले असले की सरळ सांग, ‘मी येतेय, आम्ही दोघं खोलीत झोपू, आणि आमची परतीची तिकिटं काढलीत.’ सासूबाई एकदा बघतील तुझ्याकडे. बघू दे. मग जाऊबाई म्हणतील, ‘एवढं काय?’ तू भांडी उचलायला लाग.

तिकिटं निघाली की मला त्यांचा फोटो पाठव. रविवारपर्यंत आला नाही तर सोमवारच्या सकाळच्या एसटीनं मी स्वतः येते तुमच्याकडे, आणि मग भासऱ्यांशी मी बोलेन. नाल्यावरच्या रपट्यावर पाणी नसलं म्हणजे.

तुझी,
सिस्टरमावशी