गोठ्यात चारा लोटणाऱ्या रोबोटसाठी मार्कर किती अंतरावर लावावेत?

अंतराचं मागून सांगतो. आधी हे, की कागदावर छापलेले मार्कर (म्हणजे कॅमेऱ्यानं पाहून रोबोटला आपली जागा कळावी म्हणून लावलेल्या खुणा) गोठ्यात लावूच नका.

हिंगणघाटजवळ आमचा 14 ढोरांचा गोठा आहे. एका इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं रोबोट घेऊन आली होती. टिनाखाली जीपीएसचा भरवसा नाही, म्हणून गव्हाणीच्या खांबांवर अरुको मार्कर, म्हणजे काळ्या चौकटीतल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणा. त्यांच्या सरांचा हट्ट, मार्कर कॅमेऱ्याच्याच उंचीवर, म्हणजे 2 फुटांवर पाहिजेत. मी म्हटलं, सर, तिथं गाईचं तोंड पोचतं. ऐकलं नाही. कागद कणकेच्या खळीनं चिकटवले. सकाळी पाहतो तर आमची कपिली तिसरा खांब चाटत उभी, अर्धा मार्कर तिच्या पोटात. मग लॅमिनेशन केलं, तर पूर्वेच्या जाळीतून ऊन आलं की कॅमेऱ्याला नुसती चमक दिसायची. उरलेल्यांवर शेणाचे शिंतोडे. काळ्या चौकटीचा एक कोपरा झाकला तरी तो मार्कर ओळखू येत नाही.

अहवालात लिहिलं, ‘गोठ्यातील अस्वच्छतेमुळे चाचणी अपयशी’. आईला वाचून दाखवलं. ती एवढंच बोलली, "दोन टाइम झाडतो मी, अन् हे अस्वच्छता मन्तेत?" गोठ्यात शेण असणारच. ते धरून जो मार्कर लावत नाही, त्याचं काम कच्चं आहे, माझ्या आईचं नाही.

दिवाळीनंतर पोरं सरांशिवाय आली. गावातल्या पेंटरकडून टिनाच्या पाट्यांवर मार्कर रंगवून घेतले. रंग बिनचमकीचा, काळ्या चौकटीभोवती पांढरी पट्टी सोडलेली. पाट्या 7 फुटांवर ठोकल्या आणि कॅमेरा वर वळवला. रोबोट गव्हाणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडता गेला. आठवड्यातून एकदा कुटाराची धूळ तेवढी पुसावी लागते.

अंतराचं म्हणाल तर रोबोट कुठंही असो, त्याला एका वेळी किमान दोन मार्कर दिसले पाहिजेत. आमच्याकडे दर 10 फुटांच्या खांबाला एक पुरला. तुमचा कॅमेरा वेगळा असेल तर आधी तात्पुरते बांधून पाहा. रात्री चालवायचा तर दिवा लागेल.

कॅमेराच नको असेल तर काही ढोरांच्या कानात 134.2 किलोहर्ट्झचे रेडिओ टॅग (आरएफआयडी) असतात, तसे टॅग फरशीत पुरता येतात. शेणपाण्यातूनही वाचले जातात, पण रोबोट अगदी वरून गेला तरच, आणि काँक्रीटमधल्या सळ्यांपासून लांब ठेवावे लागतात.

पाटी फाटकावर किंवा हलत्या बल्लीवर ठोकू नका. पाटी सरकली की रोबोट स्वतःलाच चुकीच्या जागी समजतो आणि सरळ गव्हाणीवर आदळतो. एक खिळा पक्का धरून सगळ्या पाट्यांची मापं तिथूनच टेपनं घ्या.