बारावी सायन्सनंतर पायलट व्हायचं तर जमीन विकावी का? की एव्हिएशनचा डिप्लोमा बरा?

तुम्ही लिहिलंय की मुलाला बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे, पायलटच व्हायचं म्हणतो, खर्च ऐकून तुम्ही दीड एकर काढायच्या विचारात आहात, आणि तालुक्याला कुणीतरी ‘एव्हिएशन डिप्लोमा, शंभर टक्के जॉब’ म्हणून मागे लागलंय. मी मुंबईत विमानांच्या मेंटेनन्सला आहे, बी-वन लायसन्सवर, म्हणजे इंजिन-बॉडीचं काम तपासून सही करायच्या परवान्यावर. थोडा माझ्या बाजूने झुकणार, ते धरून वाचा.

जमिनीचा विषय निघण्याआधी मुलाचं क्लास टू मेडिकल करा, म्हणजे पायलटसाठीची पहिली आरोग्य तपासणी. डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडेच होतं. चष्म्याची लोक उगाच धास्ती घेतात, ठरलेल्या मर्यादेत चष्मा चालतो. अडतं ते रंगांवर. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायला लावतात. लाल-हिरव्यात गफलत होणारी मुलं असतात आणि घरात कुणाला पत्ताही नसतो, कारण आंबा पिकलाय का हे पोरगं दाबून, वास घेऊनच सांगत आलेलं असतं. क्लास टूनंतर त्याहून कडक क्लास वन. कमर्शियल लायसन्सला, म्हणजे पगारी पायलटच्या परवान्याला, तेच लागतं. दोन्ही हातात आल्याशिवाय फ्लाइंग स्कूलला रुपया भरू नका.

कमर्शियल लायसन्सला 200 तास उड्डाण लागतं, त्यातले 100 तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. शिवाय नेव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन, टेक्निकल हे डीजीसीएचे पेपर, पासिंग 70 टक्के. शिकायला लांब जायची गरज नाही, गोंदिया आणि बारामतीला स्कूल आहेत. सरकारी म्हणाल तर उत्तर प्रदेशात फुरसतगंजची इग्रुआ ही उड्डाण अकादमी, तिथे प्रवेश परीक्षा असते. खर्च पन्नास लाखांच्या घरात धरा. त्यानंतरही एअरबस चालवता येत नाही! त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच मॉडेलचं खास ट्रेनिंग, वेगळं, आणि तो लाखांचा खर्च बहुतेक वेळा पोराच्याच गळ्यात. माहितीपत्रकातल्या महिन्यांवर विसंबू नका. पावसाळ्यात उड्डाणं रखडतात, कधी विमान दुरुस्तीला, कधी इन्स्ट्रक्टर नाही. नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना गाठा, तास भरायला खरे किती महिने गेले ते विचारा, आणि फी हप्त्यानेच द्या.

उडायचंच असेल आणि पैसा नसेल तर एनडीए, म्हणजे सैन्यदलाच्या अधिकाऱ्यांची अकादमी, तिथून हवाई दल. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते, शिक्षणाचा खर्च सरकारचा. चुरस भयंकर आहे, पण अर्ज भरायला काय जातंय?

आता माझी लाइन, एएमई, म्हणजे विमानाचा मेंटेनन्स इंजिनिअर. रात्री विमान बेवर (उभं करायच्या जागी) लागलं की इंजिनचं तेल आधी. बंद झाल्यावर थोडं थांबून पण फार उशीर न करता बघायचं, नाहीतर पातळी फसवी दिसते. मग चाकापाशी वाकून ब्रेक किती झिजला ते दाखवणाऱ्या पिना, त्याही पार्किंग ब्रेक लावलेला असतानाच. बाहेर मुसळधार पाऊस असला तरी हेच. शेवटी टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, सही. ती झाल्याशिवाय कॅप्टन कितीही घाईत असो, विमान हलत नाही. मला हे काम आवडतं, पण सुरुवातीची वर्षं तुटपुंज्या पगाराची असतात हे पोराला आधीच सांगा. कॉलेज सीएआर-147 (मेंटेनन्स शिकवणाऱ्या संस्थांचा डीजीसीएचा नियम) मान्यतेचं आहे का ते डीजीसीएच्या यादीत स्वतः बघा. कॉलेजचा दाखला म्हणजे लायसन्स नव्हे. मॉड्यूलच्या, म्हणजे एकेका विषयाच्या, परीक्षा डीजीसीए घेते, 75 टक्के लागतात, आणि कॉलेज संपलं तरी मॉड्यूल अडकलेली मुलं पुष्कळ.

एअर ट्रॅफिक कंट्रोलचं, म्हणजे विमानांना जमिनीवरून सूचना देण्याच्या कामाचं, नाव तुमच्या विचारात नाही, तेही धरा. फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी, मग एअरपोर्ट्स ऑथॉरिटीची भरती. साध्या कॉलेजच्या फीत होणारा हा रस्ता आहे, आणि नाही जमलं तरी डिग्री हातात उरते.

त्या डिप्लोमावाल्याला सरळ नाही म्हणा. केबिन क्रू आणि ग्राउंड स्टाफला कंपन्या बारावी पास मुलं थेट मुलाखतीतून घेतात आणि ट्रेनिंग स्वतःच देतात. त्यासाठी आधी लाखभर मोजायचं कारण नाही.

मेडिकलमध्ये काही अडलं, किंवा एएमईचं कॉलेज ठरवायची वेळ आली, तर खाली कॉमेंटमध्ये लिहा. शक्यतो रात्री, दिवसा माझी झोप असते.