पार्सल आलं, पण फोडलं नाही

पुस्तकांची तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे पालक पूर्वीही असत. तेव्हा तक्रार असायची, ‘काही वाचतच नाही.’ आता वेगळंच ऐकू येतं. ‘मुलगी वाचते, पण वाचते त्याच्या दुप्पट मागवते. पुस्तक यायच्या सहा-आठ महिने आधीपासून त्याच्याच नादात असते, आणि आलं की तसंच ठेवून देते. हे व्यसन आहे का?’ मुलं-मुली स्वतः येतात तेव्हा प्रश्न जरा हळू आवाजात येतो, ‘कपाटात न वाचलेली पुस्तकं पडलीत आणि मी पुढची बुक करतेय. माझं काही बिघडलंय का?’ पुस्तकं बहुधा एकाच प्रकारची असतात, इंग्रजीतल्या यंग अ‍ॅडल्ट कादंबऱ्या. त्या लिहिल्या जातात साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी, पण वाचणारे विशी-पंचविशी ओलांडली तरी सोडत नाहीत.

हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून एका मुलीची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुष्कळ बैठकांमधलं मोजकंच इथे घेतलं आहे.

मुलगी पुण्यातली, वीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. पहिल्या वेळी आईबरोबर आली.

“न वाचलेली किती आहेत?” मी विचारलं.

“एक्केचाळीस,” ती लगेच म्हणाली.

“त्यातली पाच तर खोक्यातून बाहेरही काढलेली नाहीत, मॅडम,” आई म्हणाली. “मी साफ सांगितलं, आधीची संपव, मग नवीन.”

“मग काय झालं?”

आई गप्प झाली. मुलगीच म्हणाली, “मग माझं वाचणंच थांबलं.”

दोन गोष्टी तिथेच कळल्या. पहिली म्हणजे आकडा तिला तोंडपाठ होता. बेफिकीरपणे पैसे उडवणाऱ्याला असा आकडा पाठ नसतो. तो आकडा ती रोज मनात वागवत होती. दुसरी गोष्ट मी सगळ्याच पालकांना सांगते. ‘आधीची संपव’ ही अट ऐकायला रास्त वाटते, पण तिच्यामुळे न वाचलेलं प्रत्येक पुस्तक थकलेल्या हप्त्यासारखं होतं. वाचायला बसलं की आधी देणं आठवतं, गोष्ट नंतर. मग माणूस पुस्तकापासूनच पळतो. अशी बंदी काही महिने टिकते आणि सणासुदीच्या सेलमध्ये एकाच रात्रीत दहा पुस्तकं मागवून सुटते. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

आईला वाट बघण्याचं हे वेड समजत नव्हतं. मी विचारलं, “लहानपणी ‘किशोर’ यायचा घरी?” त्यांचा चेहरा बदलला. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की धावत जायच्या, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्यांच्या वडिलांनी प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरून ठेवलेले ग्रंथ वर्ष-वर्ष उशिरा यायचे, तेही आठवलं. प्री-ऑर्डर म्हणजे तीच प्रकाशनपूर्व नोंदणी. फरक एवढाच की आता वाट बघण्याचेही टप्पे पाडलेले असतात. आधी मुखपृष्ठ दाखवतात, मग पहिलं प्रकरण, मग रंगवलेल्या कडांची आवृत्ती ‘फक्त पहिल्या छपाईत’ म्हणून जाहीर होते, मग तारीख. अमेरिकेत नवी पुस्तकं सहसा मंगळवारी येतात, ब्रिटनमध्ये गुरुवारी. ज्यांना हा नाद आहे त्यांचा आठवडाच त्या वारांभोवती फिरतो.

या वाट बघण्यात खरा आनंद असतो, तो खोटा मानू नये. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. फळांचा रस मिळण्याआधी दिवा लागतो हे माकडाला एकदा कळलं, की मेंदूतल्या डोपामीनच्या, म्हणजे बक्षिसाची चाहूल देणाऱ्या रसायनाच्या, पेशी दिवा लागताच उसळायच्या, रस आल्यावर नव्हे. या मुलीचा दिवा म्हणजे ‘ऑर्डर कन्फर्म्ड’चा मेसेज. पुस्तक हातात येईपर्यंत ती उसळी ओसरलेली असायची. त्या ओकेबोक्या संध्याकाळी ती काय करायची? पुढचं पुस्तक शोधायची.

पण एवढ्यावर थांबलं तर ‘मेंदूचा दोष’ म्हणून विषय संपतो आणि माणूस आहे तिथेच राहतो. ती नेमकं कशाची वाट बघतेय, ते मला हवं होतं.

तिला एक वही करायला सांगितली. आजही अशा प्रत्येकाला हीच वही सांगते, कारण तिच्याइतकं काम दुसरं काही करत नाही. एका ओळीत एक पुस्तक आणि सहा रकाने. पुस्तकाचं नाव, मागवल्याची तारीख, प्रकाशनाची तारीख, किंमत, ‘का हवंय’ हे एका वाक्यात, आणि पहिली पन्नास पानं वाचल्याची तारीख. ‘का हवंय’ हा रकाना मागवतानाच भरायचा, नंतर नाही. नंतर भरला की माणूस शहाणी कारणं लिहितो. शेवटचा रकाना पुस्तक संपल्याचा नाही, पन्नास पानांचा आहे. अशी कादंबरी तीनशे ते पाचशे पानांची असते. पन्नास पानांत ती आपली आहे की नाही हे कळतं, आणि तेवढी एका बैठकीत होतात.

तिसऱ्या आठवड्यात वही उघडली, तर ‘का हवंय’मध्ये गोष्टीबद्दल फारसं काही नव्हतंच. ‘सगळे पहिल्या दिवशी वाचतील.’ ‘कोणीतरी शेवट फोडेल.’ ‘सेट अपुरा राहील.’ आणि एकाच मालिकेपुढे फक्त ‘घ्यायलाच हवं.’

मी काम करते ते विवेकनिष्ठ पद्धतीने. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली ही मानसोपचाराची पद्धत आहे. त्रास घटनेचा नसतो, त्या घटनेला आपण घातलेल्या सक्तीचा असतो, असं ती सांगते. पुस्तक पहिल्या दिवशी मिळावं ही इच्छा आहे. ते मिळायलाच हवं, नाहीतर मी खरी वाचक नाही, ही सक्ती आहे. इच्छेत मजा असते, सक्तीत धाकधूक. तिच्या वहीत मजेच्या ओळी थोड्या होत्या.

पुढच्या वेळी त्या ‘घ्यायलाच हवं’वाल्या मालिकेची पुस्तकं घेऊन ये म्हटलं. चार भाग कापडी पिशवीतून टेबलावर आले. पहिल्या भागाचा कणा मोडलेला, पानं फुगलेली, एका कोपऱ्यावर चहाचा डाग. दुसराही पुष्कळ हाताळलेला. तिसऱ्यात साठाव्या पानावर बुकमार्क अडकलेला. चौथा हार्डकव्हर, पारदर्शक वेष्टनातच. तीन पेपरबॅक आणि एक हार्डकव्हर, मुखपृष्ठांची शैलीही मधेच बदललेली. शेल्फवर ही चार पुस्तकं शेजारी नीट दिसतच नव्हती. सेटसाठी घेतलं म्हणावं, तर सेट आधीच मोडला होता.

“पहिला भाग केव्हा वाचलास?”

“नववीत. मी आणि माझी मैत्रीण, एकच प्रत दोघींत. ती रात्री वाचायची, मी दिवसा.”

“आणि चौथा कुणासाठी घेतलास?”

ती बराच वेळ पुस्तकाकडे बघत बसली. मी मध्ये काही बोलले नाही. अशा वेळी बोलायचं नसतं, हे इतक्या वर्षांच्या कामाने शिकवलं आहे.

मग ती म्हणाली, “यातली हिरॉईन सतरा वर्षांची आहे. मी पहिला भाग वाचला तेव्हा ती माझ्यापेक्षा मोठी होती. आता ती माझ्यापेक्षा लहान आहे, मॅडम. ती चिडते ना, तर मला तिची समजूत काढावीशी वाटते.”

आणि थोड्या वेळाने म्हणाली, “हे मी वाचणार नाहीये. हे मी नववीतल्या मला घेऊन दिलंय.”

या प्रकारच्या पुस्तकांचं मर्म त्यात आहे, आणि इतर पुस्तकांच्या संग्रहात ते सापडत नाही. मालिकेच्या दोन भागांत वर्ष-दोन वर्षं जातात. नायिका त्या काळात दोन महिन्यांनी मोठी होते, वाचक दोन वर्षांनी. चार भाग होईपर्यंत पंधराची मुलगी विशीची होते, आवड सरकते, मैत्रीण दुसऱ्या शहरात जाते. पण मालिका सोडणं म्हणजे ती मैत्री, ते दिवस सोडणं, असं आत कुठेतरी वाटत राहतं. म्हणून पुस्तक घेतलं जातं आणि उघडलं जात नाही. उघडलं तर कळेल की आपण तिथे नाही. आई ज्याला उधळेपणा म्हणत होती, ते निरोप घेता न येणं होतं. हे मला दिसू लागल्यापासून अशा घरांत मी ‘किती घेतलीस’ हे फार विचारत नाही, ‘कोणासाठी घेतलंस’ हे विचारते.

त्यानंतरचं काम भराभर झालं. एक्केचाळीस पुस्तकांचे तिने तीन ढीग केले. आज रात्री उघडेन अशी नऊ. आठवण म्हणून ठेवायची, न वाचता, सहा. त्यात वेष्टनातला तो चौथा भागही होता. त्याच्यावर वाचायची सक्ती नाही, हे तिने स्वतः वहीत लिहिलं. उरलेली सव्वीस द्यायची. त्यातली बरीचशी एका शाळेच्या ग्रंथालयात गेली, जिथे वाचणाऱ्या मुली खरोखर पंधराच्या आहेत. देताना कोणत्या मालिकेचे भाग पुरे आहेत ते बघावं. मधलाच भाग दिला तर तो तिथेही पडून राहतो.

आता हा नाद असणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं.

प्री-ऑर्डर केली म्हणजे शब्द दिला असं नाही. पुस्तक रवाना होईपर्यंत ती सहसा रद्द करता येते. प्रकाशनाच्या आठ दिवस आधीची तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा आणि त्या दिवशी वहीतलं ‘का हवंय’ वाचा. आठ महिन्यांपूर्वीचं कारण अजून खरं असेल तर पुस्तक येऊ द्या. नसेल तर रद्द करा. सुरुवातीची पानं बहुतेक ई-बुक दुकानांत नमुना म्हणून फुकट वाचता येतात, त्यावर निर्णय सोपा होतो.

संग्रह करायचा तर एका वेळी एकाच मालिकेचा करा आणि बाकीची पुस्तकं वाचण्यापुरती घ्या. मालिका पूर्ण होण्याआधी हार्डकव्हरचा सेट जमवायला घेऊ नका. प्रकाशक मधेच मुखपृष्ठं बदलतात, ब्रिटिश आणि अमेरिकन आवृत्तीची उंची जुळत नाही, आणि मग रिकामी जागा भरायला दुप्पट पैसे जातात. हार्डकव्हरनंतर साधारण वर्षभरात पेपरबॅक येतं. ब्रिटिश प्रकाशकांची काही पुस्तकं भारतात सुरुवातीपासूनच पेपरबॅकमध्ये मिळतात, तेव्हा दुकानात आधी विचारा. फुटपाथवर नवी कोरी कादंबरी शंभर-दीडशेला मिळाली तर ती बहुधा चोरटी छपाई असते. पातळ कागद, पुसट किंवा तिरकी अक्षरं, उघडताच सुटणारी पानं, ही तिची खूण.

शेवट कळेल या भीतीने पहिल्या दिवशी पुस्तक हवं असेल, तर सोशल मीडियावर पुस्तकांबद्दल लिहिणारी खाती पंधरा दिवस म्यूट करा. त्याला पैसे पडत नाहीत.

आणि खोकी लगेच फोडा, वाचायचं नसलं तरी. मुंबई-कोकणात पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या वेष्टनात दमट हवा कोंडून राहते. पानांवर तपकिरी ठिपके आणि बुरशी धरते, कसरही लागते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा आणि उघडीप मिळाली की दारं उघडी टाका.

आता पालकांनी घाबरायचं केव्हा? पुस्तकांनी खोली भरली म्हणजे आजार झाला असं नाही. साठवून ठेवण्याच्या विकाराला २०१३मध्ये डीएसएम-५ने, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन संदर्भग्रंथाने, स्वतंत्र स्थान दिलं. तिथे बघतात ते काहीही टाकून देताना होणारा तीव्र त्रास, आणि वावरण्याची, झोपण्याची जागा वापरता न येण्याइतकी दाटी. खरेदीबाबत माझ्या दृष्टीने जास्त गंभीर खुणा म्हणजे पार्सल लपवणं, किमतीबद्दल खोटं बोलणं, ‘पे लेटर’वर किंवा मित्रांकडून उधारीवर पुस्तकं घेणं, फीच्या पैशांना हात लावणं, आणि दुसरं काहीही करून बरं न वाटणं. यातलं काही असेल तर पुस्तकांचा विषय बाजूला ठेवा आणि मदत घ्या. पुष्कळदा त्याखाली उदासी असते. यातलं काही नसेल तर महिन्याची एक रक्कम ठरवून द्या आणि त्या रकमेत काय घ्यायचं हे तिच्यावर सोडा. या मुलीसाठी आठशे ठरले, म्हणजे एक पेपरबॅक, किंवा दोन महिने थांबून एक हार्डकव्हर. काय निवडायचं याचा विचार ती पहिल्यांदाच करू लागली.

शेवटच्या भेटीत आईने विचारलं, “पुढच्या महिन्यात तिच्या आवडत्या लेखिकेचं नवीन येतंय. मागवू द्यायचं?”

“वहीत काय लिहिलंय?” मी मुलीला विचारलं.

तिने वही आईकडे सरकवली. तिथे लिहिलं होतं, ‘नमुना वाचला. पुढे काय होतं ते कळायला हवंय.’

“मग मागवा,” मी म्हटलं.