आधी अपेंडेजच्या तोंडाशी वेग जुळव

ऐरोली स्टेशनवरून पाठवलेला तुझा मेसेज वाचला. डाव्या कर्णिकेच्या अपेंडेजमध्ये, म्हणजे तिला जोडलेल्या छोट्या पिशवीत, रक्त किती वेळ साचून राहतं, याचं उत्तर तुझ्या कॉम्प्युटर मॉडेलच्या दोन मेशमध्ये (हिशेबासाठी आखलेल्या जाळ्यांत) दोन तऱ्हेचं येतंय, म्हणून तू तिसरी, आणखी बारीक मेश बनवायला घेतलीस. थांब. आधी अपेंडेजच्या तोंडाशी मॉडेलमधला रक्ताचा वेग रुग्णाच्या मोजलेल्या वेगाशी जुळव.

तुझ्या मॉडेलची भिंत ताठ आहे ना? मग साधा हिशेब कर. मायट्रल झडप बंद असताना कर्णिका फुगलीच नाही, तर फुप्फुसशिरांतून येणारं रक्त जाणार कुठे? ताठ अपेंडेजमध्ये जेवढं आत येतं तेवढंच त्याच क्षणी बाहेर पडतं. तोंडाशी निव्वळ प्रवाह कायम शून्य. खरी पिशवी भरते, रिकामी होते. ‘फिब्रिलेशनमध्ये (कर्णिकेच्या अनियमित थरथरीत) कर्णिका आकुंचन पावत नाही, ताठ भिंत चालते,’ असं कुणी सांगितलं असेल तर ऐकू नकोस. आकुंचन गेलं तरी शिरांतून भरणं आणि झडप उघडताच ओसरणं राहतंच.

टीईईचा, म्हणजे अन्ननलिकेतून केलेल्या हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट मागून घे. त्यात डॉपलरने, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या तंत्राने, अपेंडेजमध्ये साधारण १ सेंमी आत वेग मोजलेला असतो. तो सेकंदाला २० सेंमीच्या खाली गेला की गुठळीची भीती वाढते. तूही त्याच जागी, त्याच दिशेने वेग काढ. पूर्ण तोंडाची सरासरी घेतलीस तर फसशील. आणि टीईई व सीटी, दोन्ही वेळी हृदयाची लय एकच होती का ते बघ. भिंतीची हालचाल ईसीजी-गेटेड (ठोक्याच्या तालाशी जुळवून घेतलेल्या) सीटीच्या टप्प्यांतून काढ; लय अनियमित असली की ते धूसर येतात, म्हणून एकेक डोळ्यांनी तपास. एकच टप्पा मिळाला असेल, तर रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिही.

मला हट्टी म्हण. मेश बारीक करण्यात गेलेल्या वेळेची हळहळ अजून आहे, म्हणून तुझ्यामागे लागलोय. वेग जुळेपर्यंत पुढे जायचं नाही!

जुळला की मग बाकीचं. रक्ताची घनता घनमीटरला १०६० किलो, व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ३.५ मिलिपास्कल-सेकंद हे कर्णिकेच्या मधल्या भागात चालतं. अपेंडेजच्या टोकाशी शिअर रेट (रक्ताचे थर एकमेकांवरून घसरण्याचा दर) पडतो, तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात, रक्त घट्ट होतं. तिथे व्हिस्कॉसिटी स्थिर धरू नकोस. सुरुवात थांबलेल्या रक्तापासून केली आहेस, तेव्हा पहिले ठोके टाकून दे. टोकातलं जुनं रक्त निघायला बरेच ठोके लागतात. तिसऱ्या ठोक्याला दिसणारा फरक मेशचा की न निघालेल्या रक्ताचा, हे कळणारच नाही.

सोमवारी ठाण्याला येशील तेव्हा वेगाचा आलेख आण, डॉपलरच्या आलेखावर ठेवून. रंगीत चित्रं नंतर बघू.